डाव्या हाताचं माप

११ जानेवारी
दैनंदिनी लिहिणारा माणूस मी नव्हे. ही वही पुराव्यासाठी आहे. आज आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःसाठी एक वस्तू खास मापाने बनवायला दिली, इलेक्ट्रिक गिटार. आणि मापाने बनवलेल्या वस्तूवरून काय काय भांडणं होतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अडतीस वर्षं लोकांच्या कवळ्या करतोय. म्हणून ठरवलं, काय बोलणं झालं, कधी झालं, सगळं तारीखवार टिपून ठेवायचं. उद्या कारागिराने कानावर हात ठेवले तर वही पुढे टाकता आली पाहिजे.

कारण लिहून ठेवतो. जुनी गिटार बिघडली आहे. गेल्या वर्षापासून तिच्या तारा वर आल्यात, मान, म्हणजे डाव्या हातात धरायची दांडी, जाड लागते, करंगळीशेजारच्या बोटाने तार दाबताना जीव जातो. दुरुस्तीवाल्याला दोनदा दाखवली. दोन्ही वेळा त्याने पट्टी लावून बघितली, स्वतः वाजवून बघितली आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही." वाजवली मात्र झकास, मेल्याने. मापं घ्यायची अक्कल नाही, दुसरं काय.

घाईचं कारणही लिहितो. १७ मेला आमच्या बँडला चाळीस वर्षं होतात. बँड म्हणजे आम्ही तिघं: ड्रमवर ठोक्या, त्याचं चपलांचं दुकान आहे, बेसवर मास्तर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि लीड गिटारवर मी. पहिल्यांदा ज्या शाळेच्या हॉलमध्ये वाजवलं तिथेच पुन्हा वाजवायचंय. लोक येणार ते 'त्या तुकड्या'साठी. एकविसाव्या वर्षी मी बांधलेला, मानेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट धावणारा चाळीस सेकंदांचा तुकडा. अजून रस्त्यात साठीची माणसं मला थांबवतात आणि तोंडाने तो वाजवून दाखवतात. कवळी छान बसली म्हणून आजवर कुणी रस्त्यात थांबवलेलं नाही.

१४ जानेवारी
गिटारवाल्या बाईंशी फोनवर पाऊण तास. दुसऱ्या गावी त्यांची दोन खोल्यांची कार्यशाळा आहे. वय पस्तिशीचं असावं, कारण दुसऱ्याच वाक्याला मला म्हणाल्या, "काका, मान कशी हवी तुम्हाला?"

काका! मी गिटार मागवतोय, गुडघ्याचा पट्टा नाही.

म्हटलं, "माझी जुनी गिटार सगळ्यात चांगली होती तेव्हा जशी होती तशी. आकार सांगत बसत नाही, साचाच पाठवतो." बाई हसल्या. म्हणाल्या, मानेचा साचा आजवर कुणी पाठवला नाही. म्हटलं, "आजवर तुम्हाला माझ्यासारखं गिऱ्हाईक भेटलं नाही."

१९ जानेवारी
साचा झाला. पहिल्या, पाचव्या आणि बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीपाशी, दातांचं माप घ्यायची मऊ पुटी दाबून छाप घेतली, वर घट्ट प्लास्टरचं कवच. केसाएवढीही चूक नाही. हिला दाखवला. ही म्हणाली, "सुंदर झालाय. तुमच्या हाताचंही एकदा दाखवून घ्यायचं का? डॉक्टरांना?" हाताचा काय संबंध? बिघडलीये गिटार. बत्तीस वर्षं गणित शिकवलं ह्या बाईने, आणि प्रश्न कुठला, उत्तर कुठलं.

३ फेब्रुवारी
जजसाहेबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लावलीये: "सैल होते म्हणतात. डाव्या बाजूला टोचते." निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी निकाल देण्याची सवय काही जात नाही माणसाची. साच्यावर बसवून बघितली. तंतोतंत. प्रकाश आत शिरायला जागा नाही.

झालंय काय ते मला न बघता कळतं. हिरडी आटलीये. वय झालं की आटते. कवळी तीच असते, तोंड बदललेलं असतं. पण ते माणसाला स्वतःला कधी कळत नाही. आरशात रोज बघतात तरी कळत नाही. मग खापर कुणावर? आमच्यावर! डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगितलं, "साचा खोटं बोलत नाही. जजसाहेबांना म्हणावं, आधी तोंड बघा."

१० फेब्रुवारी
हल्ली कपड्यांचा दर्जा पार गेला. नव्या शर्टाची काजंच बारीक. डाव्या बाहीचं बटण लावता लावता घामाघूम झालो. कामाला उशीर.

एक बरं झालं. मध्यंतरी बरण्यांची झाकणं उघडत नव्हती म्हणून माझी चिडचिड व्हायची. आज साखरेची बरणी घेतली आणि एका फटक्यात उघडली. लोणी कापल्यासारखी. हिला म्हटलं, "बघ, कोण म्हणतं हात गेलाय?" ही म्हणाली, "कोणीच नाही म्हणत." साखरेत मुंग्या मात्र झाल्या होत्या. चार दिवसांत दुसऱ्यांदा. घराकडे कुणाचं लक्ष म्हणून नाही.

२२ फेब्रुवारी
ठोक्याच्या दुकानामागच्या गोदामात सराव. जुन्या गिटारवर तो तुकडा तीनदा अडला. तिन्हीदा एकाच जागी, हात सगळ्यात जास्त ताणावा लागतो तिथे. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ठोक्याने झांज हाताने धरली आणि चपलांच्या खोक्यांकडे बघत बसला.

मास्तर म्हणाले, "लय जरा कमी केली तर? लोकांना काय, ऐकायला मिळाल्याशी मतलब."

माझं डोकंच फिरलं. "मास्तर, तो तुकडा सावकाश वाजवला तर तो तुकडा राहत नाही. प्रार्थना होते."

"मग त्या जागेपुढचा भाग मी बेसवर उचलतो."

"काही उचलू नका. नवी गिटार येऊ दे, मग बघा."

ठोक्या म्हणाला, "अरे, ते तुझ्या भल्याचंच सांगतायत."

"तू चपला वीक," म्हटलं आणि निघून आलो. असं बोलायला नको होतं. पण दोघांनी मिळून मला म्हातारा ठरवायचं काही कारण नव्हतं.

९ मार्च
बाईंनी लाकडाचे फोटो पाठवले. मी मधाचा रंग सांगितला होता. फोटोत काढ्यासारखा दिसतोय. कळवलं. त्यांचं उत्तर, "काका, उन्हात बघा, मधच आहे." वहीत नोंद करून ठेवतोय.

२८ मार्च
आली!

खोकं उघडायला घेतलं. चिकटपट्टी निघेना, शेवटी हिने कात्रीने कापली. काय सांगू, इतकी देखणी वस्तू ह्या घरात आजवर आली नसेल. लाकडातल्या रेषा वाहत्या पाण्यासारख्या. वजन जसं हवं तसं. हाताखाली कुठे खडबडीत नाही, कुठे चिकट नाही. उन्हात नेऊन बघितली. मध म्हणायला हरकत नाही, फार ताणायचं नाही म्हटलं तर.

ही समोर बसली. म्हणाली, "वाजवा की."

तारा सुरात लावल्या, तुकडा सुरू केला, आणि त्याच जागी अडला. परत वाजवला. परत अडला. मान जाड आहे. जाडच आहे. एवढी वाट बघून, एवढं माप देऊन! मला रडू यायचं बाकी राहिलं. हिने गिटारवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आज नवी आहे. सवय होईल." मी तिच्यावर खेकसलो. ती उठून वह्या आवरायला गेली, आणि ती निवृत्त झाल्यापासून तपासायच्या वह्या तर घरात येत नाहीत.

२९ मार्च
बाईंना फोन.

"मान जाड झाली आहे तुमच्याकडून."

"साच्याप्रमाणे आहे, काका."

"मग साचा नीट वापरला नसेल. दोन मिलिमीटरचा फरक आहे. माझ्या हाताला कळतो."

"कॅलिपर लावलात?"

"मला कॅलिपर शिकवू नका. तुमच्या जन्माआधीपासून माझ्या खिशात आहे."

खरं तर कॅलिपर लावला नव्हता. फोन ठेवल्यावर लावला. आकडे साच्याचेच आले. म्हणजे कॅलिपर खराब झालाय. जुना झालाय तोही. गिटार परत पाठवतोय.

१२ एप्रिल
बाईंनी एक फोटो पाठवलाय. नुसता फोटो, खाली एक शब्द नाही. टेबलावर माझा साचा, त्यात त्यांची मान बसवलेली, आणि मागे पेटवलेला दिवा. तिन्ही जागी फटीतून प्रकाशाची रेघसुद्धा येत नाही.

हाच फोटो मी अडतीस वर्षं डॉक्टरांना पाठवत आलोय. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

१३ एप्रिल
दिवसभर धुसफुसलो. संध्याकाळी बाईंचाच फोन.

"काका, मी अजून लाकूड काढू शकते. पण काढलेलं परत लावता येत नाही. म्हणून आधी एक मागते. मानेचा साचा राहू दे. हाताचा पाठवा."

"कुणाच्या?"

"तुमच्या. डाव्या. तुकडा वाजवताना जिथे अडतं म्हणता, बोटं तिथे जशी असतात तशीच धरून."

"पाठवतो ना! मग तरी तुमचं समाधान होईल."

"माझं समाधान झालंय," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्याचाच जास्त राग आला.

१५ एप्रिल
सकाळी लॅबमध्ये कुणी यायच्या आत साचा घेतला. मापाची गुलाबी भुकटी बादलीत पाण्यात कालवली, तुकड्यातल्या त्या जागेची बोटं धरली आणि हात बुडवला. चार मिनिटं हलायचं नाही. मग हात अलगद ओढून काढायचा आणि पोकळीत प्लास्टर ओतायचं. दुपारी वरचा गुलाबी थर सोलून काढला.

माझ्या लॅबच्या फळीवर चाळीस वर्षांपूर्वीचा प्लास्टरचा एक हात उभा आहे. कवळ्यांचं काम शिकत होतो तेव्हा प्रत्येकाला आपल्या हाताचा साचा करायला लावला होता. बाकीच्यांनी निमूटपणे पंजा उघडा ठेवला. मी मस्तीत हीच जागा धरली होती, तुकड्यातली सगळ्यात ताणलेली जागा. बँड तेव्हाच सुरू झाला होता ना. आता त्याच्या करंगळीला लॅबच्या किल्ल्या अडकवलेल्या असतात. नवा साचा नीट आलाय का हे पडताळायला जुना खाली काढला, किल्ल्या बाजूला ठेवल्या, आणि दोन्ही हात शेजारी शेजारी उभे केले.

पहिला विचार आला, प्लास्टर आकसलं. पण प्लास्टर आकसत नाही. हेच वाक्य मी किती लोकांच्या तोंडावर फेकलंय.

कॅलिपर लावला. आज तो बरोबर होता. पहिल्या बोटाच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, दोन्ही हातांत तीन सेंटिमीटरचा फरक. नव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी गाठ. करंगळीशेजारचं बोट मी सरळ धरलं होतं. मला पक्कं आठवतंय, मी ते सरळ धरलं होतं. प्लास्टरमध्ये ते वाकलेलं आहे.

जजसाहेबांची कवळी अजून टेबलावर पडलीये. आज काम केलं नाही.

१६ एप्रिल
हिला काही सांगितलं नाही. सांगायचं काय?

१७ एप्रिल
ही बाजारात गेली होती. चहा करावा म्हणून फळीवरची साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण माझ्या हातात राहिलं आणि बरणी खाली. काचा, साखर, सगळा राडा.

आधी चिडलो. झाकण नीट लावायला काय होतं हिला? मग शेजारच्या चहाच्या बरणीला हात लावला. झाकण नुसतं वर टेकवलेलं. डाळीची बरणी, तेच. लोणच्याची, तेच. मिठाची, मिरपुडीची, फ्रिजमधल्या जॅमचीसुद्धा. फळीवरच्या चौदाच्या चौदा बरण्यांची झाकणं आधीच फिरवून सैल करून नुसती ठेवलेली. माझ्याकडून एका फटक्यात उघडत होत्या त्या ह्या बरण्या.

ही आली तेव्हा मी काचांमध्ये तसाच उभा. पिशव्या खाली ठेवून म्हणाली, "हलू नका, पायाला लागेल." केरसुणी घेऊन आली.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती खाली बसून साखर लोटत होती. "मागच्या उन्हाळ्यात तुम्ही एक बरणी भिंतीवर फेकलीत ना, तेव्हापासून."

"मला सांगायचंस."

"सांगितलं तीनदा. तुम्ही म्हणालात, बरण्या निकृष्ट आहेत." मग वर बघून म्हणाली, "अहो, मुंग्यांचं काय, चाळता येतात."

मला शरम वाटली. एवढंच लिहितो. दुसरा शब्द नाही.

१८ एप्रिल
ही वही पहिल्यापासून वाचली. पुरावा म्हणून लिहायला घेतली होती. पुरावा चिक्कार जमलाय. काजं बारीक, कॅलिपर खराब, दुरुस्तीवाला बिनडोक. जजसाहेबांवरचं पान दोनदा वाचलं. अक्षर माझंच आहे, नाकारणार कसं?

२० एप्रिल
प्लास्टरचा नवा हात कापसात गुंडाळून बाईंना पाठवला. सोबत चिठ्ठी. तीनदा फाडली, चौथी पाठवली ती अशी: "मान साच्याप्रमाणेच होती. माप मी चुकीच्या वस्तूचं दिलं होतं. ह्या हाताला बसेल अशी करा. – काका."

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन करून म्हटलं, जजसाहेबांना थेट माझ्याकडेच पाठवा. त्या म्हणाल्या, "भांडणार नाही ना?" म्हटलं, "नवं माप तुम्हीच घ्या, पण कुठे काय टोचतं ते मला ऐकायचंय."

२४ एप्रिल
जजसाहेब आले. काठी टेकत, कोट घालून. मी म्हटलं, "कवळी बरोबर आहे साहेब, पण ती तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या तोंडाची आहे. आताच्या तोंडाची नवी करू."

त्यांनी कवळी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नाही."

मीच डॉक्टरीणबाईंना ओरडून सांगितलं होतं, त्यांना कधीच नाही.

जाताना फळीवरच्या जुन्या हाताकडे बघून म्हणाले, "कुणाचा हो?" म्हटलं, "होता एकाचा."

२७ एप्रिल
ठोक्याच्या दुकानात जाऊन चपला घेतल्या. गरज नव्हती. तो म्हणाला, "माफी मागायला आलास की चपला घ्यायला?" म्हटलं, "चपला." त्याने पिशवीत मोज्यांची जोडी फुकट टाकली.

मास्तरांना सांगितलं, ताणाच्या जागेपुढचा भाग बेसवर उचला. मास्तर म्हणाले, "फेब्रुवारीपासून बसवून ठेवलाय." ह्या माणसाचा कधीकधी फार राग येतो.

१२ मे
गिटार परत आली. मान तासून इतकी बारीक केलीये की आधी खेळण्यातली वाटली. बाईंनी एका बाजूला किंचित जास्त उतार ठेवलाय, अंगठ्याच्या गाठीसाठी. सांगितलं नव्हतं मी. हातावरून कळलं त्यांना.

आता सरळ लिहितो. मला हवी होती तशी गिटार ही नाही. मला हवी होती ती एकवीस वर्षांच्या पोराची होती, आणि ती कुणीच बनवू शकत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. तुकडा पूर्वीच्या वेगात येत नाही तो नाहीच. पण अर्ध्या लयीत, न अडता, शेवटपर्यंत हात पोचतो. दुखत नाही. ही हाताला बसते.

रंग मात्र काढ्याचाच आहे. बाईंना कळवणार आहे.

१८ मे
काल वाजवलं. हॉल भरला नव्हता, पण रिकामाही नव्हता. पुढच्या रांगेत जजसाहेब, नवी कवळी लावून. बाई आल्या होत्या, इतक्या लांबून. ठेंगण्याशा, हातभर कामात भाजल्याचे डाग. "काका, ऐकायला आलेय," म्हणाल्या.

तुकडा आला तसे लोक तोंडाने वाजवायला लागले, चाळीस वर्षांपूर्वीच्या वेगात. मी अर्ध्या लयीत. साहजिकच ते माझ्या कितीतरी आधी संपवून मोकळे झाले. हॉलमध्ये एकदम शांतता. मी अजून अर्ध्यावर. वाटलं, सोडून द्यावं. समोर बघितलं तर कुणी चुळबुळ करत नव्हतं. सगळे आपलं तोंड मिटून माझी वाट बघत बसले होते. ताणाची जागा आली, मास्तरांनी पुढचा भाग उचलला, खाली खर्जात नेला, माझ्याकडे परत दिला, आणि मी शेवटच्या सुरापर्यंत पोचलो.

घरी येताना ही म्हणाली, "आज पहिल्यांदा मला त्यातले सूर वेगवेगळे ऐकू आले. आधी कायम घाईतच असायचा तो." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. ती म्हणाली, "बरं."

१९ मे
सकाळी हिला सांगितलं, झाकणं आजपासून घट्ट लावत जा. मुंग्या होतात. उघडायचं असलं की मी सांगेन.

तिने एकेक करून चौदाही बरण्यांची झाकणं आवळली. मी शेजारी उभा राहून बघत होतो.

दुपारी चहाच्या वेळी नवी साखरेची बरणी उचलली आणि हिच्यापुढे नेऊन ठेवली.